सकाळी सव्वासहाला रंकाळ्यातले मासे तोंड वर का काढतात?

एप्रिलमधला रविवार. सूर्य अजून वर आला नव्हता. आमची आठ वर्षांची लेक कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाच्या कठड्यावर पोट टेकवून खाली बघत होती. काठाजवळ शंभरेक चिलापी जमले होते. सगळ्यांची तोंडं वर, पाण्याला लागून, आणि एकसारखी उघडझाप. शेजारी एक आजोबा पिशवीतून मूठ-मूठ चुरमुरे टाकत होते.

"बघ की, किती उपाशी हायत," ते लेकीला म्हणाले.

"पप्पा, मी पण टाकतो," लेक म्हणाली. (कोल्हापूरच्या पोरी 'टाकतो'च म्हणतात, बाहेरगावच्या वाचकांनी गोंधळू नये.)

मी म्हटलं, थांब, आधी एकाच माशाकडे नीट बघ. तिनं कठड्याच्या अगदी खालचा एक निवडला. एक चुरमुरा तरंगत त्याच्या तोंडापुढून गेला. माशानं तो खाल्ला नाही की टाळला नाही, उघडझाप तशीच चालू. दुसरा चुरमुरा आत गेला आणि तसाच बाहेर आला. उपाशी मासा असं करत नाही. या माशांना दम लागला होता.

पाण्यात श्वास घेणं हा मुळातच तोट्याचा धंदा आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. इथल्या 1 लिटर हवेत ऑक्सिजन 250 मिलिग्रॅमहून जास्त असतो. एप्रिलच्या सकाळी 25 अंशांच्या 1 लिटर पाण्यात तो मावून मावून 8 मिलिग्रॅमच्या आत-बाहेर. म्हणजे आपल्यापेक्षा तीसपट गरिबीत मासा जगतो. त्यात ऑक्सिजन पाण्यातून पसरतो तो हवेच्या मानानं सुमारे 10 हजारपट हळू. वरून मिळालेला वाटा आपोआप तळापर्यंत पोचेल ही आशाच सोडायची.

दिवसा हा प्रश्न जाणवत नाही. पाण्यातलं सूक्ष्म शैवाल उन्हात अन्न तयार करतं आणि ऑक्सिजन पाण्यात सोडतं. मात्र अंधार पडला की तेच शैवाल ऑक्सिजन घेणाऱ्यांच्या रांगेत उभं राहतं. मासे, गोगलगायी, गाळातले जिवाणू आणि ते शैवाल, सगळे रात्रभर एकाच पिंपातून उपसत असतात आणि भरणारा कोणी नसतो. पिंप सगळ्यात रिकामं कधी? उजाडायच्या तोंडाला. आपण बूट घालून फिरायला निघतो ती नेमकी तळ्याची सगळ्यात वाईट वेळ. हवेला टेकलेल्या पाण्याच्या पातळ पापुद्र्यात तेवढा थोडा ऑक्सिजन उरलेला असतो. तोंड वर काढून मासे तो पापुद्रा कल्ल्यांवरून ओढून घेतात.

पाणी जितकं हिरवं तितका हा चढउतार मोठा. शैवाल भरमसाट वाढतं ते सांडपाण्यातून, निर्माल्यातून आलेल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. उन्हाळ्यात आणखी पेच. पाणी 20 अंशांवरून 30 अंशांवर गेलं की त्यात मावणारा ऑक्सिजन सुमारे सहाव्या हिश्शानं घटतो आणि त्याच वेळी माशाची गरज जवळपास दुप्पट होते.

आता चुरमुऱ्यांचा हिशोब. चुरमुरे म्हणजे मुख्यतः स्टार्च. 100 ग्रॅम चुरमुरे पाण्यात पूर्ण कुजायला साधारण तेवढाच, म्हणजे 100 ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन लागतो. लिटरला 8 मिलिग्रॅम धरले, तर हा 12-13 हजार लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन झाला. एका पुड्यापायी रस्त्यावरच्या मोठ्या टँकरभर पाण्याचा श्वास! अर्थात तळं मोठं आहे, हवेतून भर पडत राहते, एका पुड्यानं काही बुडत नाही. पण रविवारी सकाळी काठावर पुडा एकच नसतो. आजोबांना हे सांगायचा माझा धीर झाला नाही. "हवा घ्यायला आलेत हो," एवढंच म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पिशवीची गाठ मारली आणि पुढे गेले. पटलं की राग आला, कळलं नाही.

लहान मुलं आणि आजी बरोबर असेल तर तळ्याभोवतीच्या अख्ख्या फेरीचा हट्ट धरू नये. सपाट पदपथ आहे, बसायला जागा आहे, पाय दुखेपर्यंत जावं आणि परत फिरावं. आमची आई संध्यामठ दिसेल अशा जागी बसली. पावसाळ्यात पाण्यात बुडणारा हा दगडी मंडप उन्हाळ्यात वर येतो, म्हणजे तळ्याची पातळी बघायला फुकटची पट्टीच. लेकीला मी घाटावर वेगळं काम दिलं: पाण्याखालच्या किती पायऱ्या दिसतात ते मोजायचं. 1865 साली अँजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञानं पांढरी तबकडी दोरीनं समुद्रात सोडून ती कुठे दिसेनाशी होते ते मोजलं होतं. आजही तळ्यांचा गढूळपणा तसाच मोजतात. आमच्याकडे तबकडी नव्हती, पायऱ्या होत्या. दोन दिसल्या. तिसरीवर एकमत झालं नाही.

काठाला केंदाळाचा, म्हणजे जलपर्णीचा, एक झुबका अडकला होता, तो काठीनं ओढून घेतला. मूळचं हे दक्षिण अमेरिकेतलं. देठाचा फुगीर भाग लेकीनं नखानं चिरला तर आत थर्माकोलसारखा पांढरा स्पंज, हवेनं भरलेला. दाबला की पाण्याखाली बुडबुडे. हेच केंदाळ पसरलं की खालच्या शैवालाला ऊन मिळत नाही, वाऱ्याला पाणी ढवळता येत नाही, आणि ऑक्सिजनचे दोन्ही दरवाजे एकदम बंद होतात. फूल मात्र फार देखणं, जांभळं, एका पाकळीवर मोराच्या पिसासारखा पिवळा डोळा. आजीनं ते देवाला मागितलं.

वळवाचंही सांगायला हवं. एप्रिल-मे महिन्यांत वळीव कोसळून गेला की दुसऱ्या दिवशी कुठल्या ना कुठल्या तळ्यात मेलेले मासे तरंगतात आणि "कोणीतरी विष टाकलं" अशी आवई उठते. कधी ते खरंही असेल. पण पुष्कळदा घडतं ते असं: उन्हाळाभर वरचं पाणी गरम आणि हलकं, तळाचं त्या मानानं थंड आणि जड, दोन्ही मिसळत नाहीत. तळाचा ऑक्सिजन संपून तिथे कुजका वास साठतो. वादळवारा आणि गार पाऊस हे थर एका रात्रीत घुसळतो, तळाचं पाणी वर येतं. त्यातच दिवस ढगाळ असला तर शैवालाकडूनही मदत नाही. मरळ तेवढी यातून सहसा तरते, कारण ती पृष्ठभागावर येऊन सरळ हवाच गिळते. एक घोट, आणि खाली.

संध्याकाळी आम्ही परत गेलो. दुपारपासून पश्चिमेचा वारा सुटला होता आणि त्यानं पाण्यावरची हिरवी साय गावाकडच्या काठाला आणून लावली होती. चौपाटीवर वास का येतो, याचं अर्धं उत्तर त्या वाऱ्यात आहे. सकाळच्याच कठड्यावरून लेकीनं खाली बघितलं. दिवसभराच्या उन्हानंतरची वेळ, पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात जास्त. एकही तोंड वर नव्हतं.

"मासे गेले कुठं?"

"खाली. जेवत असतील आता."

मग भेळ घेतली. चुरमुरे तिनं शेवटच्या दाण्यापर्यंत स्वतःच संपवले.