फळमाशीची घाई आणि अंड्यांचा हिशेब

ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर ही फळमाशी २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला साधारण ९ ते १० दिवस घेते. एक दिवस अंड्यात, चारेक दिवस अळी, उरलेले कोषात. सडत्या फळावर वाढणाऱ्या जिवाला घाई असायलाच हवी. फळ सुकतं, बुरशी चढते, सोबतच्या अळ्या खाणं संपवून टाकतात. शिवाय जी आधी माशी होईल तिची पुढची पिढीही आधी सुरू होईल. मग हा काळ सहा दिवसांवर का आला नाही?

उत्तर तिसऱ्या अवस्थेतल्या अळीत आहे. दोनदा कात टाकल्यावर अळी या अवस्थेत येते आणि लवकरच एक ठरावीक वजन गाठते. त्याला निर्णायक वजन म्हणतात. ते गाठण्याआधी उपासमार झाली तर कोषात जाणं लांबतं. गाठल्यावर उपासमार झाली तरी अळी कोषात जातेच, फक्त माशी लहान निघते. भरपूर खाद्य असेल तर मात्र निर्णायक वजनानंतरही ती जवळपास दिवसभर खात राहते. एक्डायसोन या संप्रेरकाची पातळी चढली की खाणं थांबतं आणि अळी कोरडी जागा शोधायला वर चढते.

हे शेवटचे तासच सगळ्यांत मोलाचे. अळीचं वजन चार दिवसांत सुमारे २०० पट होतं आणि ही वाढ गुणाकाराने होत असल्यामुळे तिचा मोठा वाटा अखेरीस पडतो. तिथून दहा तास कापले तर माशीचं आकारमान आणि साठवलेली चरबी दोन्ही घटतात. मादीचं नुकसान आणखी खोल जातं. अंडाशयातल्या अंडनलिकांची, म्हणजे ज्यांत अंडी तयार होतात त्या नळ्यांची, संख्या अळीच्या अखेरच्या काळात आणि कोषाच्या सुरुवातीला ठरते. माशी झाल्यावर कितीही यीस्ट खाऊ घातलं तरी अंडी वाढतील, नलिका वाढणार नाहीत.

बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात अमिताभ जोशी यांच्या गटाने याची परीक्षा घेतली. दर पिढीत कोषातून आधी बाहेर पडलेल्या माश्याच पुढे न्यायच्या आणि त्यांची अंडीही लवकरच घ्यायची. पिढ्यांमागून पिढ्या विकासाचा काळ एका दिवसाहून अधिक घटला. पण माश्या बऱ्याच लहान झाल्या, एका मादीमागे अंडी कमी झाली आणि माशी होण्याआधीच मरणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. अळ्या खायच्याही सावकाश आणि फिरायच्याही कमी. वेगाने वाढणारी अळी अधाशी असेल ही अपेक्षा इथे साफ खोटी ठरली.

असा प्रयोग बिघडायला फार काही लागत नाही. एका व्हायलमध्ये, म्हणजे माश्या वाढवायच्या छोट्या नळीत, ६ मिलिलिटर खाद्यावर ६० ते ८० अंडी ठीक. गर्दी वाढली की काळ लांबतो, माश्या लहान होतात, आणि निवडीचा परिणाम कुठला नि उपासमारीचा कुठला हे कळेनासं होतं. दिवस-रात्रीचं चक्र ठेवलं तर माश्या पहाटेच्या सुमारास एकदम बाहेर पडतात आणि काही तासांचा फरक त्या घोळक्यात हरवतो. म्हणून सतत उजेड ठेवतात. माद्या नरांपेक्षा काही तास आधी निघतात. अगदी पहिल्याच माश्या उचलल्या तर नर कमी पडतात. मोजणीआधी सगळ्या गटांना एक पिढी सारख्या परिस्थितीत वाढवणंही आवश्यक आहे, नाहीतर आईच्या वयाचा आणि आकाराचा परिणाम जनुकांच्या खात्यावर जमा होतो.

एकाच व्हायलमधल्या माश्यांची तुलना करून वेगाची ही किंमत शोधू नये. जिला चांगलं खाद्य मिळालं ती लवकरही वाढते आणि मोठीही होते, त्यामुळे किंमत नाहीच असं वाटतं. खरी किंमत दिसायला पिढ्यान्‌पिढ्यांची निवडच लागते.

जनुकांच्या पातळीवरचं चित्र मला सर्वांत विलक्षण वाटतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत ६०० हून अधिक पिढ्या वेगासाठी निवडलेल्या माश्यांच्या जनुकसंचाचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. या माश्या सुमारे २० टक्के लवकर वाढत होत्या. बदल जनुकसंचात ठिकठिकाणी दिसले, पण एखाद्या जनुकाचा नवा उपयुक्त पर्याय, म्हणजे त्याचं बदललेलं रूप, शंभर टक्क्यांवर पोचून बाकीच्यांना हुसकावून लावल्याच्या खुणा सापडल्या नाहीत. वेग देणारा पर्याय दुसरीकडे जगणं किंवा अंडी हिरावून घेत असेल, तर एका मर्यादेपलीकडे त्याचा प्रसार अडतो. हे त्यामागचं एक शक्य कारण आहे.