देठ काय सांगतो

संध्याकाळी सात वाजता हातगाडीवरची वांगी सकाळपेक्षा जास्त चकाकतात. दिवसभरात त्यांच्यावर चार-पाच वेळा पाणी मारलेलं असतं आणि वरून पांढऱ्या दिव्याचा झोत असतो. पाणी मारण्यात गैर काही नाही. ते उडून जाताना भाजीला थंडावा मिळतो, कोमेजणं थोडं लांबतं. पण मग सालीकडे बघून ताजेपणाचा अंदाज येत नाही. अशा वेळी नजर देठावर न्यावी.

खुडलेली भाजी जिवंतच असते. ती श्वास घेते, साठवलेली साखर जाळते, उष्णता आणि वाफ बाहेर टाकते. झाडावर असताना उडालेलं पाणी मुळांकडून देठावाटे भरून निघायचं. खुडल्यावर ती वाट बंद होते, खर्च मात्र चालूच राहतो. फळाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, म्हणून तिथून पाणी सावकाश जातं. देठाभोवतीच्या हिरव्या टोपीला पानांसारखी सूक्ष्म छिद्रं असतात. वांग्यातून जाणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा या टोपीवाटेच जातो, त्यामुळे आधी टोपी सुकते आणि साल नंतर सुरकुतते. टोमॅटोच्या सालीला तर छिद्रंच नसतात. त्याचा बहुतेक श्वास देठाच्या खळीतून चालतो.

आता एक वांगं हातात घेऊ. टोपी हिरवी, ताठ, फळाला घट्ट चिकटलेली आणि काटेरी वाणाचे काटे बोटाला बोचणारे असतील, तर वांगं ताजं आहे. टोपीच्या कडा तपकिरी होऊन वर उचलल्या असतील, काटे मऊ पडले असतील, तर साल कितीही चमकत असली तरी ते शिळं. देठाचा कापलेला तुकडाही बघावा. ताजा काप फिकट आणि ओलसर असतो, जुना काळपट आणि आत ओढलेला. मग अंगठ्याने हलकेच दाबावं. दाबलेली जागा लगेच वर आली तर ठीक. खड्डा तसाच राहिला तर आतला गर पोकळ आणि मऊ पडलाय. सालीची चमक जाऊन तपकिरी-पिवळट झाक आली असेल, तर आत बी धरलेलं आहे आणि भाजी कडवट होईल. भरतासाठी एकाच आकाराची दोन वांगी दोन्ही हातांत तोलावीत आणि हलकं ते घ्यावं. त्यात बी कमी निघण्याची शक्यता जास्त.

वांग्याच्या भोकाबद्दल मोठा गैरसमज आहे. शेंडे आणि फळ पोखरणारी अळी लहान असतानाच, बहुधा टोपीखालून, आत शिरते. तिच्या शिरण्याची जागा इतकी बारीक असते की ती भरून येते आणि दिसतही नाही. आपल्याला दिसतं ते मोठं भोक बहुतेक वेळा अळी बाहेर पडल्याचं असतं. म्हणजे भोकाचं वांगं आतून खाल्लेलं आणि विष्ठेने भरलेलं आहे हे नक्की, पण बिनभोकाच्या वांग्यात अळी नाहीच असं म्हणता येत नाही. म्हणून टोपीची कड उचलून खाली बारीक डाग किंवा भुसा दिसतो का ते पाहावं, आणि भरल्या वांग्यांना चिरा दिल्यावर प्रत्येक वांगं उघडून बघावं. वांग्याच्या बुडाशी लांबट खूण असेल तर मादी आणि गोल असेल तर नर, हेही काही खरं नाही. वांगं हे फळ आहे आणि फळात नर-मादी असा भेद नसतो.

कोवळेपणा ही ताजेपणाहून वेगळी गोष्ट आहे. काल तोडलेली भेंडीही निबर असू शकते, कारण ती झाडावरच जून झालेली असते. भेंडी फुलानंतर पाच-सहा दिवसांत तोडावी लागते. नंतर तिच्या कडांमध्ये चिवट धागे तयार होतात आणि ते शिजवूनही मऊ होत नाहीत. प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघितलं की विक्रेत्या मावशींचं नुकसान होतं, मोडलेली भेंडी कोणी घेत नाही. बोटभर लांबीच्या भेंड्या निवडाव्यात आणि टोक जरासं वाकवावं. कोवळी कडक लागते आणि आता मोडेल असं वाटतं, निबर नुसती वाकते. गवारीची शेंग चपटी हवी. बिया बाहेरून टरारलेल्या दिसल्या तर ती गवार निबर. दुधीवर बारीक लव असेल आणि नख सहज रुतत असेल तर तो कोवळा. काकडी मधोमध फुगलेली आणि पिवळसर असेल तर आत बिया टणक झालेल्या असतात.

मटारचा हिशोब तासांचा असतो. दाण्यातली साखर खुडल्यापासूनच पिठूळ होऊ लागते आणि उष्णतेत हा बदल फार वेगाने होतो. सकाळी गोड असलेली शेंग दुसऱ्या दिवशी पिठूळ लागते ती यामुळे. पावसाळ्यात पुरंदरकडचा मटार पुण्यात येतो. अंतर कमी असल्याने तो घेण्यात गोडीचा थेट फायदा आहे. मूठभर शेंगा एकमेकींवर घासाव्यात. भरलेल्या ताज्या शेंगा करकर आवाज करतात, सुकलेल्या नुसत्या सरकतात. सोललेले दाणे विकत घेत असाल तर घरी वाटीभर दाणे पाण्यात अर्धा तास ठेवून बघा. पाणी हिरवं झालं तर वरून रंग मारलेला आहे. हिरवी मिरची आणि भेंडीचीही अशी परीक्षा करता येते. कापसाचा बोळा लिक्विड पॅराफिन या खनिज तेलात बुडवून सालीवर घासायचा. बोळा हिरवा झाला तर ती भाजी खाऊ नये.

पालेभाजीत जुडीचं पोट तपासावं. पानं फार जोरात श्वास घेतात आणि घट्ट बांधलेल्या ओल्या जुडीत त्यांची उष्णता कोंडते. जुडी उचलून दोन बोटं बांधाच्या जागी आत घाला. आत थंड लागलं तर छान. कोमट लागलं, बोटांना बुळबुळीत लागलं किंवा आंबूस वास आला, तर बाहेरची पानं टवटवीत असूनही रात्रीपर्यंत अर्धी जुडी टाकावी लागेल. मग मुळांकडचं टोक पाहावं. मातीसकट मुळं असलेली मेथी छाटलेल्या मेथीपेक्षा जास्त टिकते. कोथिंबिरीला फुलाचा तुरा आला असेल तर ती जून आहे आणि तिचा वासही बदललेला असतो.

तापमान दहा अंशांनी वाढलं की भाजीचा श्वास साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणून तीच पालकाची जुडी पुण्यात डिसेंबरात दोन दिवस तग धरते आणि एप्रिलच्या दुपारी दोन तासांत मान टाकते. १८८६ साली सुरू झालेल्या महात्मा फुले मंडईच्या उंच छताखाली सावली आणि वारा मिळतो. तिथली पालेभाजी आणि रस्त्याकडेच्या उन्हातली पालेभाजी एकाच पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून निघालेली असली, तरी दुपारी त्यांच्यात मोठा फरक पडलेला असतो. उन्हाळ्यात पालेभाजी सकाळीच घ्यावी. मार्केट यार्डात रविवारी आवक मोठी असते, त्या दिवशी निवडायला भरपूर माल असतो.

फ्लॉवर आणि कोबीचं थोडक्यात सांगता येईल. फ्लॉवरचा गड्डा घट्ट हवा. वर भाताच्या शितांसारखे कण सुटले असतील तर तो जून झालाय. भोवतीची पानं हिरवी असतील तर उत्तम, सगळी छाटलेली असतील तर का छाटली असतील याचा विचार करावा. कोबी फार पांढरा दिसत असेल तर वरची सुकलेली पानं दोन-तीनदा काढून झालेली आहेत.

फळं घेताना पहिला प्रश्न हा, की हे फळ तोडल्यावर पिकतं का? आंबा, केळी, पपई, चिकू, सीताफळ, टोमॅटो ही तोडल्यावर पिकतात. ती स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्या वायूमुळे आंबा-केळ्यासारख्या फळांतल्या स्टार्चची साखर होते, गर मऊ होतो, वास सुटतो. द्राक्षं, डाळिंब, संत्रं, मोसंबी, स्ट्रॉबेरी, अननस, कलिंगड यांचं तसं नाही. झाडावरून उतरताना जेवढी गोडी होती तेवढीच. आंबट द्राक्षं घरी चार दिवस ठेवून गोड होत नाहीत, फक्त सुकतात. म्हणून दुसऱ्या गटातलं फळ शक्यतो चाखून घ्यावं, आणि पहिल्या गटातलं फळ पूर्ण भरलेलं आहे का ते पाहून घ्यावं.

भरलेलं, म्हणजे आंब्याच्या व्यापारात म्हणतात तसं ‘चौदा आणे तयार’. हापूसचे खांदे देठाच्या वर आलेले असतात आणि देठ खळग्यात बसलेला असतो. असा कच्चा आंबा पाण्यात टाकला तर बुडतो, कोवळा तरंगतो. भरलेला आंबा आढीत घातला की सालीला रंग येण्याच्या सुमारासच देठापाशी वास सुटतो. कोवळा आंबा कॅल्शियम कार्बाइडने पिवळा करता येतो. ओलाव्याशी संयोग होऊन त्यातून ॲसिटिलीन निघतं आणि ते इथिलीनसारखं काम करतं. पण जे आत तयारच झालं नव्हतं ते कुठून येणार? साल पिवळीधमक, गर आंबट आणि देठाला वास नाही, असं ते फळ असतं. कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसयुक्त अशुद्धी असू शकतात, म्हणून त्याने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूच्या खोलीत पिकवायला मात्र परवानगी आहे, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फळ स्वतः तोच वायू तयार करतं. पिवळ्या केळ्याचा देठ हिरवा असला की ते कार्बाइडचं, असं सर्रास सांगितलं जातं. तो पुरावा होत नाही. रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीनवर पिकवलेल्या केळ्यांचे देठही हिरवे राहतात.

हापूसच्या आत साका आहे का, हे बाहेरून ओळखता येत नाही. पेटी घेताना तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. कापल्यावर पांढरट, स्पंजासारखा, आंबूस भाग निघाला तर तो साका, तेवढा काढून टाकावा.

चिकूच्या सालीवर नखाने हलकी रेघ ओढावी. खाली हिरवं दिसलं आणि चीक आला तर तो कोवळा काढलेला आहे, पिकला तरी तुरटच लागेल. खाली पिवळट-तपकिरी दिसलं तर भरलेला. सीताफळाचे डोळे उघडलेले हवेत, म्हणजे खवल्यांमधल्या फटी रुंद होऊन पिवळसर पांढऱ्या झालेल्या. डोळे मिटलेलं सीताफळ काळं पडतं, पिकत नाही.

द्राक्षांच्या घडात पुन्हा देठाकडेच यावं लागतं. मण्यांच्या आधी काड्या सुकतात. काडी हिरवी आणि लवचीक असेल तर घड ताजा. तपकिरी असेल आणि घड हलवल्यावर मणी गळत असतील तर जुना. मण्यांवरची सारखी पसरलेली पांढुरकी झाक हे द्राक्षाचं स्वतःचं मेण आहे, तिला औषध समजून घड नाकारू नये. ठिपके किंवा ओघळ दिसले तर ते फवारणीचे असू शकतात, मग घड वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावा. डाळिंब रंगावर घेऊ नये. दाणे भरले की ते आतून सालीला रेटतात आणि गोल फळ किंचित पैलूदार होतं. असं पैलूदार, हाताला जड डाळिंब घ्यावं. सालीवर तेलकट काळे डाग आणि त्यांत तडे असतील तर तो तेल्या रोग. कलिंगडाचा जमिनीला टेकलेला डाग लोण्यासारखा पिवळसर हवा, पांढरा असेल तर ते लवकर तोडलंय.

बटाट्यावर हिरवी झाक दिसली तर घेऊ नये. हिरवा रंग निरुपद्रवी आहे, पण जो उजेड तो रंग आणतो तोच सोलानिन हे विषारी द्रव्यही वाढवतो. कांद्याची मान बारीक आणि कोरडी हवी. मान जाड आणि ओलसर असेल तर कुजणं तिथूनच सुरू होतं. साठवायला उन्हाळी गरवी कांदाच घ्यावा. पावसाळी पिकाचा हळवी कांदा आठवड्याच्या हिशोबानेच आणावा.

दुधी, दोडका आणि काकडी कितीही छान निवडली तरी चिरताना एक लहान तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर थुंका आणि सगळं फळ टाकून द्या. तो कडूपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्याचा असतो, शिजवल्याने जात नाही, आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसं गंभीर आजारी पडली आहेत.

घरी आणल्यावर भाजी धुऊन फ्रिजमध्ये ठेवू नका. ओलाव्यावर बुरशी आणि जिवाणू वाढतात, धुवायचं ते शिजवताना. टोमॅटो आणि केळी बाहेर ठेवा, थंडीत टोमॅटोचा वास मरतो आणि केळ्याची साल काळी पडते. सफरचंद आणि पिकलेली केळी पालेभाजीपासून लांब ठेवा, त्यांच्या इथिलीनने पानं पिवळी पडतात. बटाटे आणि कांदे एका टोपलीत नकोत. आणि बाजारात ज्या देठावर विसंबून मिरची घेतली, तो देठ घरी आल्यावर खुडून टाका. ओल तिथे साचते आणि मिरची तिथूनच कुजू लागते. देठ काढून, फडक्यावर कोरड्या करून, कागद घातलेल्या डब्यात ठेवलेल्या मिरच्या दोन आठवडे सहज राहतात. कोथिंबिरीचं मात्र उलट करायचं. बांध सोडायचा, पिवळी पानं काढायची, देठांची टोकं नव्याने कापायची आणि बोटभर पाण्याच्या पेल्यात जुडी उभी ठेवायची. नव्या कापातून देठ पुन्हा पाणी ओढू लागतो.