चापालाचे निवृत्त अमेरिकन आणि टोमॅटोचा तंटा

अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातल्या आयातशुल्काच्या भांडणाबद्दल मेक्सिकोत राहणाऱ्या निवृत्त अमेरिकनांना काय वाटते, हे समजून घ्यायला त्यांचा पक्ष विचारून भागत नाही. त्यांचे पैसे कोणत्या चलनात येतात आणि कोणत्या चलनात खर्च होतात, ते आधी पाहावे लागते. पेन्शन डॉलरमध्ये येते. घरभाडे, भाजी, मोलकरीण आणि डॉक्टर यांचे पैसे पेसोत द्यावे लागतात. गेल्या पन्नास वर्षांत या माणसांच्या संसारावर खरे घाव घातले ते विनिमय दराने, आयातशुल्काने नव्हे. आणि ज्या व्यापारी भांडणांवर ते तावातावाने बोलतात, त्यांतली काही त्याच विनिमय दराच्या पोटातून जन्माला आली आहेत. ही दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही, म्हणून तिच्यावर इथे जास्त लिहिले आहे.

अशा वस्त्यांतली एक जुनी आणि परिचित वस्ती चापाला सरोवराच्या उत्तर काठावर आहे. ग्वादालाहारा शहरापासून साधारण ५० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर असलेले हे मेक्सिकोतले सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर. काठावर चापाला, अहिहिक आणि आणखी काही गावे. वर्षभर ना पंखा लागतो ना शेगडी. १९२० च्या दशकात परदेशी लेखक-चित्रकार इथे येऊ लागले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पेन्शनवर जगणारे अमेरिकन व कॅनेडियन. १९५४ ते १९७६ अशी बावीस वर्षे एका डॉलरला साडेबारा पेसो हा दर हलला नाही. त्या काळी आलेल्या पिढीला विनिमय दर हा विषयच नव्हता.

मेक्सिकोत नेमके किती अमेरिकन राहतात, यावर बरेच काही बोलले जाते. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेत जन्मलेले सुमारे ८ लाख लोक मोजले गेले, पण त्यांत फार मोठा वाटा अमेरिकेतून परतलेल्या मेक्सिकन कुटुंबांच्या मुलांचा आहे. निवृत्तांचा विचार करताना तो पूर्ण आकडा पुढे करणे चूक.

१९७६ च्या ऑगस्टअखेर पेसोचा दर बाजारावर मोकळा सोडला गेला आणि पुढच्या काही वर्षांत मेक्सिकन बँकांनी डॉलर खात्यांवर चांगले व्याज देऊ केले. अनेक निवृत्तांनी आपली शिल्लक तिकडे वळवली. ऑगस्ट १९८२ मध्ये सरकारने या खात्यांतले डॉलर सक्तीने ६९.५० च्या दराने पेसोत बदलले, तेव्हा मोकळ्या बाजारात डॉलर १०० पेसोंच्या वर गेला होता. १ सप्टेंबरला बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. काही अमेरिकन ठेवीदार आपल्या देशातल्या न्यायालयांत गेले, पण तिथल्या अपील न्यायालयांनीही त्यांना दाद दिली नाही. पैसा अमेरिकेतच ठेवायचा आणि महिन्याला लागेल तेवढाच इकडे आणायचा, हा चापालाचा नियम त्या अनुभवातून घट्ट झाला. पुढच्या संकटात तोच त्यांच्या फायद्याचा ठरला.

ते संकट डिसेंबर १९९४ चे. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्यातला नाफ्टा हा मुक्त व्यापार करार लागू होऊन वर्षही पुरे झाले नव्हते. २० डिसेंबरला पेसोच्या दराला सरकारने घातलेली मर्यादा सैल केली गेली, दोन दिवसांत ती सोडूनच द्यावी लागली, आणि साडेतीन पेसोंच्या आत असलेला डॉलर मार्च १९९५ मध्ये सातच्या पुढे गेला. महिन्याला १,००० डॉलर पेन्शन घेणाऱ्याला नाताळाआधी सुमारे ३,४०० पेसो मिळत होते, होळीच्या सुमारास सात हजार मिळू लागले. १९९५ मध्ये मेक्सिकोतली महागाई ५० टक्क्यांवर गेली, तरी भाजी-भाड्याचे दर डॉलरच्या वेगाने वाढले नाहीत. ज्या घरांत हे निवृत्त लोक राहत, त्या घरांची साफसफाई करणाऱ्या बायकांची खरी मजुरी मात्र त्याच महिन्यांत कोसळली. एकाच ओट्यापाशी उभ्या असलेल्या दोन माणसांपैकी एकाचे उत्पन्न दुप्पट झाले आणि दुसरीचे घटले. तो काळ 'चांगला' म्हणून आठवणाऱ्यांनी हा अर्धा भागही आठवायला हवा.

आता टोमॅटो. ज्या घसरणीने पेन्शन दुप्पट केली, तिनेच मेक्सिकन टोमॅटो डॉलरमध्ये स्वस्त केला. हिवाळ्यात अमेरिकेच्या बाजारात दोनच मोठे पुरवठादार असतात: फ्लोरिडा आणि मेक्सिकोचे सिनालोआ राज्य. दोघांचा हंगाम एकच. सिनालोआच्या शेतकऱ्याची मजुरी, पाणी, वाहतूक पेसोत आणि विक्री डॉलरमध्ये. म्हणजे त्याच्या हिशेबाची रचना चापालाच्या पेन्शनरासारखीच. १९९५ चा हिवाळा फ्लोरिडाच्या बागायतदारांना जड गेला आणि त्यांनी सरकारचे दार ठोठावले. आधी आयात अचानक वाढल्याच्या कारणावरून संरक्षण मागितले, ते १९९६ च्या उन्हाळ्यात नाकारले गेले. पण त्याच वर्षी 'डंपिंग'ची तक्रारही दाखल झाली होती, आणि ती टिकली.

या शब्दापाशी थांबायला हवे, कारण पुढच्या तीस वर्षांचा सगळा गोंधळ याच शब्दातून निघाला. ऐकणाऱ्याला वाटते, कुणीतरी मुद्दाम माल ओतून दुसऱ्याचा धंदा बुडवतो आहे. कायद्यात हेतू तपासलाच जात नाही. माल आपल्या देशातल्या दरापेक्षा, किंवा उत्पादनखर्चाच्या आधारे काढलेल्या 'सामान्य मूल्या'पेक्षा कमी दराने निर्यात झाला आणि त्याने आयातदार देशातल्या उद्योगाला इजा झाली, एवढे पुरते. पोलादाला हे माप लावता येते, कारण पोलाद गोदामात थांबते. टोमॅटो थांबत नाही. नारायणगाव-पिंपळगावच्या शेतकऱ्याने आवक वाढल्याच्या दिवशी क्रेट तोडणीखर्चही न निघणाऱ्या भावाला दिली, तर तो कुणाला बुडवायला निघालेला नसतो. घरी परत नेण्यापेक्षा मिळेल ते बरे, इतकाच त्याचा हिशेब. नाशवंत मालाच्या वर्षभराच्या विक्रीत असे दिवस येणारच. फ्लोरिडाने १९७८ मध्ये हिवाळी भाज्यांवर अशीच तक्रार केली होती, तेव्हा १९८० मध्ये ती फेटाळली गेली. नाशवंत मालाचे हे वैशिष्ट्य तेव्हा विचारात घेतले गेले. १९९६ मध्ये प्राथमिक निष्कर्ष उलटा आला. मधल्या काळात टोमॅटोचा स्वभाव बदलला नव्हता. बदलला होता विनिमय दर, आणि नोव्हेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक होती, जिच्यात फ्लोरिडा हे मोठे, अटीतटीचे राज्य होते. तडजोडीवर सही झाली ती निवडणुकीच्या थोडेच दिवस आधी, ऑक्टोबरअखेर.

ती तडजोड म्हणजे 'स्थगिती करार'. चौकशी थांबवायची, शुल्क लावायचे नाही. त्या बदल्यात मेक्सिकन निर्यातदारांनी पौंडाला २०.६८ सेंटांच्या खाली माल विकायचा नाही. म्हणजे स्वस्त विकण्याचा आरोप ठेवून शेवटी सक्तीने महाग विकायला लावले, आणि जादा पैसा अमेरिकन तिजोरीत न जाता मेक्सिकन बागायतदाराच्याच खिशात राहिला. माझ्या मते सिनालोआ, हालिस्को आणि इतर राज्यांत नंतरच्या वर्षांत उभ्या राहिलेल्या हरितगृहांना या किमान भावाचा आधार मिळाला. तीच हरितगृहे आज फ्लोरिडाच्या उघड्या शेतातल्या, हिरवाच तोडून पिकवलेल्या टोमॅटोला भारी पडतात. अमेरिकेच्या ताज्या टोमॅटोच्या बाजारात मेक्सिकोचा वाटा आता सुमारे ७० टक्के सांगितला जातो. या वाढीला फक्त 'डंपिंग' म्हणणे हे शेतकऱ्याच्या कष्टांवर आणि गुंतवणुकीवर अन्याय करणारे आहे.

करार २००२, २००८ आणि २०१३ मध्ये नव्याने झाला. मे २०१९ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली, शुल्कापोटी आगाऊ भरायची १७.५६ टक्क्यांची अनामत लागू झाली, सप्टेंबरात पुन्हा करार झाला. १४ जुलै २०२५ रोजी तोही संपवला गेला आणि बहुतेक मेक्सिकन टोमॅटोवर १७.०९ टक्के शुल्क बसले. पुढच्या महिन्यात मेक्सिकोने निर्यातीच्या किमान किमती स्वतःच ठरवून दिल्या.

अहिहिकच्या बुधवारच्या आठवडी बाजारात टोमॅटो घेणाऱ्या निवृत्ताला या शुल्काचा एक पेसोही भरावा लागत नाही. ते अमेरिकेच्या सीमेवर, अमेरिकन आयातदार भरतो. तिकडे राहिलेल्या मुलाबाळांच्या किराणा बिलात ते दिसते. म्हणूनच चापालात बसून 'शुल्क लावलेच पाहिजे' म्हणणे सोपे जाते, आणि 'शुल्काने आपले काही बिघडत नाही' असे वाटणेही. दोन्ही मते एकाच सुरक्षित जागेवरून येतात.

ज्या वेळी मेक्सिकोने उलट शुल्क लावले, त्या वेळी मात्र झळ थेट पोचली. नाफ्टानुसार डिसेंबर १९९५ पासून मेक्सिकन ट्रकना अमेरिकेच्या सीमेवरील राज्यांत मुभा मिळायची होती. अमेरिकेने ती रोखून धरली. २००९ मध्ये काही ट्रकांना सोडून पाहण्याचा चाचणी कार्यक्रमही बंद पडला, तेव्हा मेक्सिकोने सुमारे २४० कोटी डॉलरच्या व्यापारावर, नव्वदच्या आसपास अमेरिकन वस्तूंवर शुल्क लावले. तोडगा २०११ मध्ये निघाला. जून २०१८ मध्ये पोलाद-अॅल्युमिनियमवरच्या शुल्काला उत्तर म्हणून डुकराचे मांस, सफरचंद, बर्बन व्हिस्की आणि चीज यांची पाळी आली. ते मे २०१९ मध्ये मागे घेतले गेले. आयात मालाच्या दुकानात जाणाऱ्या परदेशी माणसाला हे लगेच जाणवते, आठवडी बाजारात जाणाऱ्याला नाही.

आणखी एक प्रकरण बाहेर फारसे माहीत नाही. २०१२ च्या अखेरीस स्थलांतराचे नवे नियम आले आणि जुन्या परवान्यांच्या जागी तात्पुरता व कायम निवास असे दोन प्रकार झाले. कायम निवास घेणाऱ्याला अमेरिकन नंबरप्लेटची गाडी तशीच ठेवता येईना. तिची रीतसर आयात करणे किंवा ती देशाबाहेर नेणे भाग पडले. आयात करायची तर ती उत्तर अमेरिकेत बनलेली हवी. चासी क्रमांकाचा पहिला आकडा १ ते ५ असेल तर चालेल. जपानमध्ये बनलेल्या गाडीचा क्रमांक इंग्रजी 'जे'ने सुरू होतो, ती बाद. व्यापार करारातला 'मूळ उत्पादनाचा देश' हा रूक्ष नियम अनेकांना पहिल्यांदा आपल्या दारातल्या गाडीवर वाचायला मिळाला.

निवृत्तांच्या व्यापारविषयक मतांचा रोख मेक्सिकोच्या धोरणाकडे क्वचितच असतो, त्यालाही कारण आहे. १९१७ च्या संविधानाचे ३३ वे कलम परदेशी व्यक्तीला देशाच्या राजकीय व्यवहारात कोणताही हस्तक्षेप करण्यास मनाई करते. पूर्वी या कलमाखाली सुनावणीशिवाय हद्दपारी होत असे. २०११ च्या दुरुस्तीने सुनावणीचा हक्क दिला, मनाई कायम राहिली. त्यामुळे बोलणे होते ते मायदेशाच्या राजकारणावर, जिथे परदेशातून मतदान करता येते आणि करही भरावाच लागतो.

२०२५ मध्ये सगळे धागे एकत्र आले. १ फेब्रुवारीला मेक्सिकन मालावर २५ टक्के शुल्काचा आदेश निघाला, दोन दिवसांत स्थगित झाला, ४ मार्चला लागू झाला आणि ६ मार्चला नाफ्टाच्या जागी २०२० पासून आलेल्या कराराच्या अटी पाळणाऱ्या मालाला सूट मिळाली. शुल्क लागले की पेसो पडेल, असा अनेकांचा अंदाज होता. चापालातल्या हिशेबाने पाहिले तर ती १९९५ सारखीच पर्वणी ठरली असती. झाले उलटे. वर्षाच्या सुरुवातीला २० च्या वर असलेला डॉलर वर्षअखेरीस १८ च्या आसपास आला. अमेरिकन सरकारी पेन्शनमध्ये १९७५ पासून महागाईनुसार आपोआप वाढ होते, पण ती अमेरिकेतल्या महागाईवर मोजली जाते. २०२६ साठी ती २.८ टक्के ठरली. २,००० डॉलर पेन्शनचे आधी ४० हजारांच्या वर पेसो होत होते. वाढ धरूनही वर्षअखेरच्या दराने ते ३७ हजारांच्या आसपास भरले.

नव्याने येऊ पाहणाऱ्यांचा उंबरठाही वर गेला आहे. निवासासाठी दाखवायचे उत्पन्न बराच काळ मेक्सिकोच्या दैनंदिन किमान वेतनाच्या पटीत मोजले गेले, आणि ते वेतन २०१८ मधल्या ८८.३६ पेसोंवरून २०२५ मध्ये २७८.८० वर गेले. मेक्सिकन मजुराला उशिरा का होईना मिळालेली ही वाढ न्याय्यच आहे. फक्त सरकारी पेन्शनवर इथे येऊ पाहणाऱ्या अमेरिकनाला मात्र ती अडवते. नाफ्टाच्या जागी आलेल्या व्यापार कराराचा पहिला संयुक्त आढावा १ जुलै २०२६ ला व्हायचा, हे करारातच लिहिले आहे. त्यातून पेसो कोणत्या बाजूला सरकतो, याकडे चापालातले पेन्शनर आणि सिनालोआतले बागायतदार सारखेच डोळे लावून आहेत, आणि दोघांना हवे आहे ते एकच: स्वस्त पेसो.