खुलासा : ‘हायड्रॉलिक मशीन हळू चालते, हात काढायला वेळ मिळतो’

लाकूड फोडायच्या हायड्रॉलिक मशीनबद्दल हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. नागपुरात थंडी पडली, टालांवर बाभळीचे ओंडके फुटू लागले की तो पुन्हा ऐकू येतो. तसं वाटणं स्वाभाविक आहे. कुऱ्हाडीचा घाव दिसतो, इथे पाचर सावकाश सरकते.

पण हिशेब करून पाहा. लांब उभं राहून, रिकाम्या मशीनचा पाचरीकडे जोर लावणारा दांडा किती सेंटीमीटर किती सेकंदांत जातो ते मोबाईलवर मोजा. समजा 50 सेंटीमीटरला 10 सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला 5 सेंटीमीटर. दचकून लिव्हर सोडेपर्यंत अर्धा सेकंद गेला, तर दांडा अडीच सेंटीमीटर पुढे. बोटाची जाडी त्याहून कमी असते! आणि जोर कित्येक टनांचा. बोट मध्ये आलं म्हणून दांडा अडत नाही.

शिवाय हळू चालतो तो दांडा, लाकूड नव्हे. गाठीचा ओंडका ताण धरून ठेवतो नि एकदम फुटून बाजूला उडतो. म्हणून चष्मा हवाच. आणि मशीनमध्ये अडकेल अशी गमछा-ओढणी अंगावर नको.

एकाने ओंडका धरायचा, दुसऱ्याने लिव्हर ओढायची, ही पद्धत तर कृपा करून सोडाच. ओंडका ठेवणाऱ्यानेच, हात बाहेर काढून, लिव्हर ओढावी.

पाइपची गळतीही बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरा. बारीक छिद्रातली तेलाची धार कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा.