डायलिसिसच्या रुग्णांमधील नेत्रविकार

वर्षानुवर्षे हीमोडायलिसिसवर, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करून घेण्याच्या उपचारावर, असलेल्या रुग्णांना होणारे डोळ्यांचे विकार. यांतले पुष्कळसे डायलिसिसमुळे होत नाहीत. ज्या मधुमेहाने आणि रक्तदाबाने मूत्रपिंडे निकामी केली, त्यांनी डोळ्याचा पडदाही पोखरलेला असतो. म्हणून डायलिसिस सुरू होतानाच बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा, मग नजर चांगली असली तरी.

मूत्रपिंडाच्या या आजाराची खास खूण म्हणजे डोळ्यात साठणारे क्षार. लघवीवाटे बाहेर न पडणारा फॉस्फरस रक्तात वाढतो आणि कॅल्शियमशी मिळून डोळ्याच्या पृष्ठभागावर बसतो. तोही पापण्यांच्या फटीत उघड्या राहणाऱ्या भागातच, कारण तिथून कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो, आम्लता घटते आणि क्षार लवकर घट्ट होतात. बुबुळाच्या नाकाकडच्या आणि कानाकडच्या कडेला खडूच्या भुकटीसारखे पांढरे कण दिसतात. ते टोचू लागले की डोळा लाल होतो, खुपतो. डोळे आले असे समजून अँटिबायोटिकचे थेंब घातले जातात, त्यांचा उपयोग होत नाही. कृत्रिम अश्रूंनी आराम पडतो. खरा उपाय फॉस्फरस आटोक्यात ठेवण्याचा. त्यासाठीची बाइंडर (अन्नातला फॉस्फरस बांधून ठेवणारी) गोळी जेवणाबरोबरच घ्यावी, उपाशीपोटी घेतलेली वाया जाते. क्षारांचा पट्टा बाहुलीसमोर आला तर ईडीटीए हे कॅल्शियम सोडवणारे रसायन लावून तो खरवडून काढतात, पण फॉस्फरस चढाच राहिला तर पुन्हा धरतो.

सर्वांत गंभीर प्रकार दृष्टीच्या नसेचा. दोन डायलिसिसच्या मधल्या काळात अंगात पाणी साठून वजन फार वाढले की डायलिसिसच्या ४ तासांत जास्त पाणी ओढावे लागते आणि बीपी पडते. त्यात रक्त कमी असेल तर नसेच्या टोकाला पुरवठा तुटतो. दुखत काहीच नाही. एका डोळ्यासमोरचा वरचा किंवा खालचा भाग एकाएकी अंधारतो. गेलेली नजर बहुधा परतत नाही, म्हणून दुसरा डोळा वाचवण्यासाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बीपीच्या गोळ्यांच्या वेळा आणि पाणी काढण्याचा वेग नव्याने ठरवावा लागतो.

डायलिसिस चालू असताना डोळा ठणकला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसली, तर डोळ्यातला दाब वाढल्याची शंका घ्यावी. रक्तातला युरिया झपाट्याने उतरतो, डोळ्यातला मागे राहतो आणि पाणी आत खेचतो.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया डायलिसिस नसलेल्या दिवशी ठेवतात. टीबीवरचे इथॅम्ब्युटॉल अशा शरीरात साठते, त्यामुळे ते रोज न देता आठवड्यातून तीनदा, डायलिसिसनंतर देतात. ते चालू असताना लाल-हिरवा रंग फिका वाटू लागला तर लगेच कळवावे. काचबिंदूवरची अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळीही साठून गुंगी आणि गोंधळ आणते. तेव्हा नेत्रतज्ज्ञाकडे जाताना डायलिसिसची फाइल सोबत न्यावी.