बंद भुयारी स्थानकातली चाहूल

भुसावळ, चाळीसगावसारख्या रेल्वेच्या गावात लहानाचे मोठे झालेल्यांनी पडक्या क्वार्टरमधल्या मुंजाच्या गोष्टी ऐकलेल्या असतात. खानदेशात भुयारी रेल्वे नाही. पण लंडनच्या ‘ब्रिटिश म्युझियम’ या भुयारी स्थानकाची गोष्ट त्याच कुळातली आहे. १९०० साली सुरू झालेले हे स्थानक १९३३ मध्ये बंद झाले. संग्रहालयातल्या इजिप्शियन ममीचे भूत तिथे किंचाळत फिरते, असे लोक सांगत आले आहेत.

स्थानक बंद झाले, मार्ग मात्र चालू राहिला. अरुंद बोगद्यातून धावणारी गाडी पिचकारीच्या दट्ट्यासारखी समोरची हवा रेटते आणि मागची ओढून घेते. त्यामुळे गाडी दिसण्याआधीच वारा सुटतो, आणि तीच हवा एखाद्या फटीतून शिरली की शीळ घुमते. बोगद्याच्या कठीण भिंती आवाज फारसा शोषत नाहीत, उलट परतवत राहतात, म्हणून तो नेमका कुठून आला हे कानाला उमगत नाही. किंकाळीसाठी एवढे पुरेसे आहे.

भीतीचे काय? इंग्लंडमधले अभियंते विक टँडी यांना प्रयोगशाळेत एकट्याने काम करताना अंगावर काटा आला आणि डोळ्यांच्या कडेला एक राखाडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, पकडलेले तलवारबाजीचे पाते कोणी हात न लावता थरथरू लागले. शोध घेता घेता ते एका पंख्यापाशी पोहोचले: त्यातून सुमारे १९ हर्ट्झचा, कानाला सहसा ऐकू न येणारा ध्वनी निघत होता, आणि खोलीच्या लांबीमुळे त्याची स्थिर लहर, म्हणजे पुढे न सरकता जागच्या जागी कंप पावणारी लहर, तयार झाली होती. पंख्याची बसवणूक बदलताच ती लहर नाहीशी झाली. अंगावरचा काटा आणि ती आकृती या ध्वनीमुळेच असावी, असा तर्क त्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला.

हे स्पष्टीकरण इतके देखणे आहे की ते अधिक कसोशीने तपासायला हवे, आणि तसे ते तपासलेही गेले. मानसशास्त्रज्ञ ख्रिस फ्रेंच व सहकाऱ्यांनी ७९ जणांना एकेकटे, ५० मिनिटे, मंद उजेडाच्या रिकाम्या खोलीत ठेवले. कधी अश्राव्य ध्वनी सोडला, कधी चुंबकीय क्षेत्र बदलले, कधी दोन्ही केले, तर कधी काहीच केले नाही. इथे काही विचित्र अनुभव येऊ शकतील, एवढी कल्पना सर्वांना दिलेली होती. अनेकांना गरगरले, काहींना कोणीतरी जवळ असल्याचे जाणवले. परंतु त्या अनुभवांचा ना ध्वनीशी मेळ बसला, ना चुंबकीय क्षेत्राशी. आधी दिलेली सूचनाच बहुधा कारणीभूत ठरली असावी, असा निष्कर्ष संशोधकांनी २००९ मध्ये मांडला.