प्रोसेसरवर एअर कूलर बसवणे

डेस्कटॉप संगणकाच्या प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणारा हीटसिंक आणि पंखा यांचा संच मदरबोर्डवर पक्का करण्याची कृती. हीटसिंकचा तळ बहुधा तांब्याचा आणि वरचे पातळ पत्रे अॅल्युमिनियमचे असतात. मोठ्या कूलरमध्ये या दोहोंना तांब्याच्या बंद नळ्या जोडतात. नळीत कमी दाबाखाली थोडे पाणी असते. तळाशी त्याची वाफ होते, थंड टोकाला ती पुन्हा द्रवरूप होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत झिरपते.

या कृतीतला खरा शत्रू म्हणजे दोन धातूंमध्ये अडकलेली हवा. प्रोसेसरचे झाकण व कूलरचा तळ कितीही गुळगुळीत दिसले, तरी त्यांवर सूक्ष्म खाचा असतातच. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्व्हिन, तर हवेची जेमतेम ०.०२६. थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा मलमासारखा लेप, त्या खाचा भरून हवा बाहेर काढते. मात्र पेस्ट स्वतः धातूपेक्षा कितीतरी मंद वाहक असल्याने जाड थर नडतो. मध्यभागी मटाराच्या दाण्याएवढा ठिपका सहसा पुरतो. कूलरच्या दाबाने तो आपोआप पसरतो. तळावरची संरक्षक प्लॅस्टिकची फिल्म मात्र आधी काढलीच पाहिजे, नाहीतर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

जोडणीचे सामान सॉकेटनुसार, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या खोबणीनुसार, बदलते. इंटेलच्या एलजीए १२०० सॉकेटभोवतीची छिद्रे ७५ मिमी अंतरावर, तर एलजीए १७०० ची ७८ मिमीवर असतात. एएमडीच्या एएम४ वर मूळ प्लॅस्टिकच्या पट्ट्या सोडवताच मदरबोर्डच्या मागची आधारपट्टी (बॅकप्लेट) निसटते, तेव्हा तिला हाताचा आधार द्यावा. एएम५ ची बॅकप्लेट सॉकेटलाही धरून ठेवते. ती काढायची नसते.

स्क्रू एका बाजूने पूर्ण आवळले तर तळ तिरका टेकतो आणि पेस्ट एकीकडे सरकते. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळणे हीच योग्य रीत. मोठा कूलर असेल तर कॅबिनेटची रुंदी आणि रॅमची उंची आधीच मोजावी. अनेक टॉवर कूलर सुमारे १६० मिमी उंच असतात. पंख्यातून हवा साधारणपणे जाळीदार आधाराच्या बाजूने बाहेर पडते, म्हणून ती बाजू कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे ठेवतात. पंख्याची चार पिनांची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जोडणीतच लावतात. तिथे पंखा न आढळल्यास अनेक मदरबोर्ड सुरू होतानाच इशारा देतात.

कूलर काढताना सरळ वर ओढू नये. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असल्याने, पेस्ट सुकलेली असेल तर कूलरबरोबर प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकू शकतात. आधी संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट ऊबदार करावी, मग तो बंद करून कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवावा. एकदा उचललेला कूलर जुन्याच पेस्टवर पुन्हा टेकवत नाहीत. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी पेस्ट लावतात.